चार नंबरचा प्लग

खळ्ळ!

दुपारच्या शांततेत डबा हलला आणि मी बटणांवरून घरंगळत पत्र्यावर आपटलो. बिस्किटांचा हा जुना डबा आता बटणांचा आहे. त्यात शर्टाची बटणं आहेत, दोन टिचबटणं, एक तुटकी साखळी, सुईचं पाकीट, आणि तळाशी मी. पाच वर्षांत डबा कितीदा तरी फळीवरून खाली आला. पण दर वेळी आत येणारा हात एकच असायचा. तो वरवरचं बटण उचलायचा आणि मला न शिवता निघून जायचा. आजचा हात तो नव्हे. हा लहान आहे, घाईचा आहे आणि तळापर्यंत ढवळतो आहे.

तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत माझी गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो.

मित्रांनो, मी एक जुना प्लग आहे. मोटारीच्या इंजिनात बसणारा. उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी. पांढऱ्या मातीला भट्टीत भाजून माझी मान केली, पोलादाचा पट्टा माझ्या कमरेला आवळला, खाली आटे पाडले आणि तोंडाशी एक वाकडं नख लावलं. मधे एक टोक, वर ते नख, आणि दोघांत एवढीशी फट. इंजिनात पेट्रोलची वाफ आली की त्या फटीतून ठिणगी उडी मारते, वाफ पेटते आणि गाडी पळते. फट रिकामी असेल तरच ठिणगी उडी मारते. म्हणजे बघा, लोकांची कमाई हातात असते, माझी या रिकाम्या तोंडात होती. तोंडात घास भरलेल्या माणसाला जसं बोलता येत नाही तसंच आमचं.

नाशिकच्या एका दुकानातून मला मल्हारीने आणलं. मला आणि माझ्या तीन भावंडांना. मल्हारी पूर्वी एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा त्यांची जुनी फियाट त्याच्याकडे आली. तो नाशिक रोडच्या स्टेशनवर उभा राहायचा आणि यात्रेकरूंना त्र्यंबकला, वणीला न्यायचा. सिन्नर फाट्याजवळच्या वस्तीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दारात निंब आणि निंबाखाली गाडी. घरात त्याची आई लंकाबाई, बायको चांगुणा आणि लेक सगुणा. तिला सगळे सगू म्हणत.

आम्हा चौघांना मल्हारीने इंजिनात ओळीने बसवलं. माझी जागा शेवटची, म्हणून मी चार नंबरचा. महिन्या-दोन महिन्यांनी तो आम्हाला काढायचा. बशीत पेट्रोल घेऊन जुन्या दातांच्या ब्रशने घासायचा, काजळी काढायचा आणि करवतीच्या पात्याचा तुकडा फटीत घालून बघायचा. पातं अंगाला घासून पण न अडकता गेलं की मान हलवायचा. चांगुणा शेजारी उभी राहून पाना द्यायची. बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं.

"तुझ्या हातात पाना छान दिसतो," मल्हारी म्हणायचा.

"आणि तुमच्या हातात लाटणं कसं दिसंल, ते कधी बघायचं?" ती विचारायची.

त्या वर्षीच्या होळीला सगूला फणफणून ताप चढला. पोर डोळे फिरवायला लागली. मल्हारीने चावी फिरवली आणि आम्ही चौघं एका दमात पेटलो. दवाखान्यातून परत आल्यावर चांगुणाने बॉनेटवर हात ठेवला. पाठीवर ठेवावा तसा. "वेळेला धावलास रे बाबा," ती म्हणाली. ती गाडीला म्हणाली, पण मित्रांनो, ते आम्हाला चौघांना ऐकू आलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी. माझा अभिमान तिथून वाढला आणि सहा-सात महिन्यांत धुळीला मिळाला.

साल शहात्तरचं होतं. खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहेच. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री. मल्हारीची हत्यारं म्हणजे पाने, पक्कड, जॅक, हँडल आणि आम्ही. त्याने सकाळीच आम्हाला बाहेर काढलं, चकाचक घासलं आणि पाटावर लाल फडकं अंथरून मांडलं. लंकाबाईंचा नेम कडक. खंडेनवमीला हत्यार देवाचं. एकदा पाटावर चढलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे गाडी त्या दिवशी बिनदातांच्या म्हातारीसारखी निंबाखाली उभी होती.

शेजारचा फकिरा टांगेवाला घोड्याला हार घालून दारात आला. फकिराची आणि मल्हारीची स्टेशनवरची जुनी थट्टा.

"काय मल्हारी, नवरीचे दात काढून ठेवले का रे?"

"आज तिला सुट्टी हाय."

"माझ्याला नाय लागत सुट्टी. ना प्लग, ना पेट्रोल. घास घातला का निघाला!" मग तो उंबऱ्यावर बसलेल्या सगूकडे वाकला. "काय गं सगुणाबाई, आमचा राजा हरभरा खातो म्हणून पळतो. तुमची गाडी काय खाते?"

सगू विचारात पडली. तिला पाचवं वर्ष लागलेलं. त्या वयात प्रश्न पडला की त्याचं उत्तर स्वतःच्या हातांनी करून बघायचं असतं.

पूजा झाली. लंकाबाईंनी आम्हाला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिले आणि वाटीत गूळ-खोबरं ठेवलं. "हत्यारांना पण भूक लागते व माय. वरीसभर राबतात," त्या सगूला म्हणाल्या. मग डोळे मिटून हात जोडले. चांगुणा चुलीशी पुरण ढवळत होती. मल्हारी बाहेर गाडी धूत होता.

कुणी बघत नव्हतं. सगू पाटाजवळ बसली. तिने मला उचललं, उलटसुलट केलं आणि माझं तोंड शोधलं. बरोबर शोधलं! मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना दाखवावं लागतं, पण या पोरीला कळलं की हे तोंड. तिने वाटीतला मऊ गूळ करंगळीवर घेतला आणि माझ्या फटीत भरला. वाकड्या नखाच्या खालून, मधल्या टोकाच्या भोवती, अगदी आतपर्यंत. आई बाळाला भरवते तसा, हळूच, बोटाने सारून सारून. "खा हं. सगळं संपवायचं," ती कुजबुजली. मग माझ्या तिन्ही भावांना भरवलं. बोट चाटलं आणि पळून गेली.

मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी कधी हाताळलं नव्हतं. आणि मला तो घास गिळता येत नव्हता, थुंकताही येत नव्हता. तरी मी घाबरलो नाही. मनात म्हटलं, उद्यापर्यंत इथेच आहोत. उद्या मल्हारी आम्हाला बसवायच्या आधी पातं फिरवेल, गूळ सापडेल, घरभर हसू होईल.

दुपारी दोनच्या सुमारास फाट्यावर कांद्याचा ट्रक थांबला. सटाण्याहून निघून पुण्याला चाललेला. त्याचा ड्रायव्हर धावतच घर विचारत आला. लंकाबाईंचा धाकटा भाऊ सहादू सटाण्याला होता. आईच्या माघारी त्यांनी त्याला कडेवर वाढवलेला.

"सहादूबाबांचं काही खरं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "डॉक्टरनी हात टेकले. सारखं एकच विचारतात, लंकाताई आली का? संध्याकाळपर्यंत पोचा." आणि तो पाणीसुद्धा न पिता गेला.

मल्हारीने गाडीकडे बघितलं, मग पाटाकडे, मग आईकडे. नेम आईचा होता, तो मोडायचा तर तिनेच.

लंकाबाई पुढे आल्या. माहेरची बोली त्यांच्या तोंडात एरवी फारशी यायची नाही, त्या वेळी आली. "मना भाऊ वाट दखत व्हई," त्या म्हणाल्या. पाटासमोर जाऊन त्यांनी नाक घासलं आणि पहिला प्लग स्वतःच्या हाताने उचलला. "घे रे मल्हारी. देवाले मी सांगसू."

मग सगळी घाई. चांगुणा एकेक प्लग मल्हारीच्या हातात देत होती. त्याने आमच्या अंगावरचं हळद-कुंकू बाहीला पुसलं, आटे पुसले आणि भराभरा आवळलं. तोंड बघितलं नाही. कशाला बघेल? सकाळी त्यानेच तर घासलं होतं. मी चांगुणाच्या हातात होतो तेव्हा तिचा अंगठा माझ्या तोंडापासून नखभर अंतरावर होता. मी ओरडलो. खरंच ओरडलो. पण आमचा आवाज म्हणजे ठिणगी, आणि ठिणगीच्या जागेवर गूळ होता.

चावी फिरली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा घरघरलं आणि पुन्हा थांबलं. वीज माझ्यापर्यंत धावत आली, पण उडी मारायच्या ऐवजी गुळातून घसरून गेली. गूळ तापला, वितळला, अजून आत पसरला.

"प्लग बघता का एकदा?" चांगुणाने विचारलं.

"प्लगकडं बघायचंच नाय! सकाळीच चकाचक केलेत. कार्बोरेटरला कचरा आला असंल."

त्याने कार्बोरेटर खोलला, फुंकला. पेट्रोलची नळी काढली, बसवली. मग वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासले. बॅटरी दमली तसं हँडल घालून फिरवत राहिला. तळहाताची साल निघाली. वस्तीतल्या चार माणसांनी धक्का दिला आणि गाडी निंबापासून रस्त्यापर्यंत गेली, मुकाट. सकाळी थट्टा करणारा फकिराही धक्का देत होता. आता तो थट्टा करत नव्हता.

लंकाबाई गाडीत मागे बसून होत्या. मांडीवर गाठोडं, त्यात भावासाठी डब्यातली पुरणपोळी. प्रत्येक धक्क्याबरोबर त्या पुढे झुकायच्या, जणू आपल्या वजनाने गाडी निघेल. सगू खिडकीशी उभी होती. "आजी, चल ना. ती चालेल. ती जेवलीये."

कुणाचं लक्ष नव्हतं. लहान पोरीच्या बोलण्याकडे अशा वेळी कुणाचं असतं?

साडेचार वाजले. शेवटी फकिराने टांगा जोडला आणि मल्हारीला अन् लंकाबाईंना एस.टी.वर सोडलं. दसऱ्याची गर्दी. पहिली गाडी भरून गेली, दुसरीत उभं राहायला जागा मिळाली. सहादूमामा दिवेलागणीला गेले. लंकाबाई पोचल्या तेव्हा घरासमोर माणसं बसलेली होती. हे मी पाहिलं नाही. चार दिवसांनी मल्हारी परत आला तेव्हा चांगुणाला सांगताना ऐकलं. माणसांनी परत निंबाखाली ढकलून आणलेल्या गाडीत, बॉनेटच्या आतल्या काळोखात.

मल्हारी आला तो तापानेच आला. येताना चार नवे प्लग घेऊन आला होता. "बाकी सगळं बघून झालं. आता हेच राह्यलं," म्हणाला आणि खाटेवर पडला. आईला दहाव्यानंतर आणायला जायचं होतं, गाडी तोवर चालू व्हायला हवी होती. उठायला बघायचा, तर भोवळ यायची.

"तुम्ही पडा," चांगुणा म्हणाली. "मी बदलते."

"तू?"

"पाना माझ्या हातात छान दिसतो ना?"

तिने पदर खोचला, बॉनेट वर केलं. खाट खिडकीशी ओढलेली, मल्हारी तिथून सांगत होता.

"चारही वायरी एकदम काढू नको गं! एक काढ, एक बसव. क्रम चुकला तर गाडी लाथा झाडंल."

"माहीत आहे."

"आधी हातानं फिरव. आटे बसले की मग पाना. आडदांडासारखं आवळू नको."

"ते तुम्हीच आवळलंय आडदांडासारखं. निघता निघत नाही."

घरात चार दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

पहिला निघाला. तिने तो पदराला पुसला आणि थांबली. तोंडात काळपट तपकिरी काहीतरी कडक झालेलं. तिने नाकाशी धरलं. पेट्रोलच्या वासामागे दुसरा वास होता, पुरण तळाला लागल्यावर येतो तसा. तिने अंबाड्यातला आकडा काढून टोकाने खरवडलं आणि ते टोक जिभेला लावलं. आधी कडू लागलं असेल. मागून गोड.

ती निंबाला टेकली. तिच्या डोळ्यांपुढे काय काय आलं असेल ते मी सांगू शकतो, कारण तेच माझ्याही पुढे होतं. नैवेद्याची चाटूनपुसून झालेली वाटी. लेकीची चिकट बोटं, जी तिनेच धुतली होती.

सगू तिच्याजवळ आली आणि टाचा उंचावून बघू लागली. "आई, संपवला का त्यांनी गूळ?"

चांगुणाने प्लग मुठीत मिटला. "हो गं. सगळा संपवला."

सगूने टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणते ती?" आतून मल्हारीने विचारलं.

"काही नाही. खेळतीये."

तिने बाकीचे काढले. दुसरा, तिसरा, मी. चौघांच्याही तोंडात तेच. नवे चार तिने एकेक करून बसवले. मग गाडीत बसली, गियर न्यूट्रलला आहे ना ते बघितलं आणि चावी फिरवली.

गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली.

इतकी लगेच, इतकी गोड! तिला ते नको होतं, मित्रांनो. अजून काहीतरी बिघडलेलं निघावं, असं ती मनातून विनवत होती, हे मी तिच्या हातात असताना ओळखलं. आतून मल्हारी ओरडला, "शाबास!" सगू नाचायला लागली. आणि चांगुणा स्टिअरिंगला कपाळ टेकून बसली. इंजिन चालू होतं, त्यामुळे तिचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही.

माझ्या तीन भावांना तिने चुलीतल्या राखेने घासलं आणि भंगारवाल्याला दिलं. मला तसंच ठेवलं. गुळासकट. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, कधीतरी नवऱ्याला दाखवायचं म्हणून. पुरावा म्हणून. पण ते 'कधीतरी' आलंच नाही.

कारण लंकाबाई दहावा करून परतल्या आणि देवापुढे बसून म्हणाल्या, "हत्यार मी उठाडं. तेनंच हाई फळ शे." पाटावरचं हत्यार आपण उचललं त्याचंच हे फळ, असं धरून तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत. आणि मल्हारी म्हणाला, "माय, तुझं कशाचं? प्लग माझ्या हातनं खराब झाले. मी घासताना कुठंतरी चुकलो." तो आता दर आठवड्याला प्लग काढतो, चष्मा लावून एकेकाच्या तोंडात बघतो. दोघंही आपापला दोष उराशी धरून बसले आहेत. एक शब्द बोलला तर चांगुणा दोघांनाही सोडवू शकते. पण मग तो दोष उतरून कुणाच्या डोक्यावर बसेल? त्या वेळी ते डोकं जेमतेम तिच्या कमरेला लागत होतं. म्हणून ती गप्प आहे. सासू उपाशी झोपते तेव्हा हिच्याही घशाखाली घास उतरत नाही. तिच्या तोंडातही काहीतरी अडकलंय, जे गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. ते मला ओळखीचं आहे.

मित्रांनो, मी साधा प्लग. तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागतो. कामाला जुंपण्याआधी आम्हा मुक्या वस्तूंकडे एकदा नीट बघा. सकाळी बघितलं होतं म्हणून दुपारी बघायचं सोडू नका. आणि मोठ्यांच्या घाईत एखादं लहान पोर काही सांगत असेल, तर तेही ऐका. आम्हाला बोलता येत नाही, त्याला येत असतं. आणि कुणाच्या मायेच्या हातून काही बिघडलंच, तर... तर काय करावं, ते मात्र मला माहीत नाही. पाच वर्षं या डब्यात पडून विचार करतोय.

थांबा. तो हात आला. बटणं बाजूला सारून दोन बोटांनी मला उचललं. उजेड! सगू आहे. केवढी झाली! दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट, त्याचं बटण तुटलंय. तेच शोधत होती. तिने मला उलटसुलट केलं आणि, मित्रांनो, पहिल्या फटक्यात माझं तोंड शोधलं. करंगळीचं नख आत घातलं. तिला काही आठवलं नाही. मला आठवलं.

लंकाबाई खाटेवर जाग्याच होत्या, त्यांनी कूस बदलली. मोरीवर हातांचं ग्रीस धुणारा मल्हारी चष्मा पुसत आत आला. चांगुणा तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

सगूने मला सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"आई, ह्याच्या तोंडात हे काय आहे गं?"